थोरली बोलेना : सातव्या प्रकरणात अडलेल्या एका कादंबरीचा प्रकरण अभ्यास

ही हकिकत एका कादंबरीची आहे. लेखिकेच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण काम कुठे अडलं, कशानं अडलं आणि कोणाच्या चुकांमुळे अडून राहिलं, त्यात फेरफार केलेला नाही. चुकांपैकी एक मोठी माझी आहे, ती योग्य जागी येईलच. मी या पुस्तकाची संपादक होते.

सुरुवातीची स्थिती

लेखिका पन्नाशीच्या आतबाहेर. नावावर दोन कथासंग्रह, दोन्हींचं बऱ्यापैकी स्वागत झालेलं. ही पहिलीच कादंबरी. कथानक वरवर साधं आहे: आई गेल्यानंतर दोन बहिणी तिचं घर आवरायला येतात. धाकटी आधी पोचते, तिला कपाटात पत्रांचा एक गठ्ठा सापडतो. थोरली काही दिवसांनी येते. निवेदन धाकटीचं, प्रथमपुरुषी, बऱ्याच वर्षांनंतर मागे वळून केलेलं. पहिली सहा प्रकरणं चौदा महिन्यांत झाली, सुमारे ३१,००० शब्द. सातव्या प्रकरणात थोरली घरी येते आणि धाकटी तो गठ्ठा तिच्यापुढे ठेवते. तिथे काम थांबलं ते अकरा महिने.

या अकरा महिन्यांतले पहिले पाच-सहा मी 'वेळ लागतोय' म्हणून सोडून दिले. कादंबरीला वेळ लागतोच. नवव्या महिन्यात त्यांनी मला एक जुना लेख पाठवला, सोबत एक ओळही न लिहिता. डेनिस अपर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस' या नियतकालिकात छापलेला तो लेख. विषय: लेखन अडल्यावर स्वतःच स्वतःवर केलेला अयशस्वी उपचार. शीर्षक आहे, लेखकाचं नाव आहे, आणि मजकुराच्या जागी कोरा कागद. परीक्षकाचा अभिप्रायही सोबत छापला आहे: लिंबाचा रस आणि क्ष-किरण लावून तपासलं, पण एकही दोष सापडला नाही. एरवी मी हसले असते. पण ज्या बाई साध्या निरोपातही तीन वाक्यं लिहितात त्यांनी नुसता कोरा लेख पाठवला, तेव्हा फोन उचलणं भाग होतं.

आधी काय काय करून झालं होतं

बरंच काही. त्यांनी एक महिना घरापासून दूर, एकांतात काढला. त्यातून पाच फायली आल्या आणि पाचही फायलींत सातव्या प्रकरणाची सुरुवातच होती. मग एकोणिसाव्या शतकातल्या अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं वाचून झालं. तो घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. त्यांनीही घड्याळ मांडलं. चार दिवस आकडा जमला. पाचव्या दिवशी वाचून पाहिलं तर सगळं घराचं वर्णन होतं. एका भिंतीवरच ११०० शब्द.

मुक्तलेखनही करून झालं होतं, म्हणजे लेखन शिकवणाऱ्या पीटर एल्बोनं १९७३ मध्ये पुढे आणलेली रीत: दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, काही सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. रीत चांगली आहे, मी स्वतः ती अनेकांना सांगते. इथे तिच्यातून वहीभर 'सुचत नाही' मिळालं. न लिहिता येण्यावर त्या अगदी ओघवतं लिहीत होत्या. नवी वही, नवं पेन, लेखनासाठीचं एक ॲप या खरेद्याही झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फोनवर त्या म्हणाल्या, "मला वाटतं माझं संपलं. दोन पुस्तकांपुरतंच होतं."

मी विचारलं, "या वर्षात दुसरं काही लिहिलंत?"

लिहिलं होतं. एका मैत्रिणीच्या पुस्तकाला प्रस्तावना, एका दुपारीत ९०० शब्द. दोन पुस्तक परीक्षणं. लांबलचक पत्रं तर नेहमीचीच. झोप, भूक, वाचन, माणसांत मिसळणं याबद्दलही मी विचारलं. तो अधिकार माझा नव्हता, पण विचारणं गरजेचं होतं. सगळंच लिहिणं बंद पडतं, वाचणंही नकोसं होतं, सकाळी उठवत नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. तिथे संपादकानं लेखनाच्या युक्त्या सुचवत बसू नये, डॉक्टरकडे जायला सांगावं. इथे तसं काही दिसत नव्हतं. लिहिण्याची शक्ती शाबूत होती, ती एका ठरावीक जागी चालत नव्हती, इतकंच. प्रस्तावनेचे ते ९०० शब्द माझ्या दृष्टीनं तपासाचा पहिला धागा ठरले.

एकेचाळीस फायली

मी सातव्या प्रकरणाचे सगळे खर्डे मागवले. त्या संकोचल्या. कोणी आपल्या घरातली अडगळीची खोली उघडून पाहू मागावी, तसा तो प्रकार होता. "त्यात काही नाही हो," असं तीनदा म्हणून झालं. मग फायली आल्या: 'सात', 'सात नवीन', 'सात अगदी नवीन', 'सात शेवटचं', 'सात शेवटचं दोन'. एकूण ४१.

मजकूर वाचायच्या आधी मी प्रत्येक फाइलची पहिली ओळ, शेवटची ओळ, शब्दसंख्या आणि तारीख एका कागदावर मांडली. अडलेल्या लेखकाचं हस्तलिखित असं वाचायला मी या प्रकरणात शिकले. कथा म्हणून वाचलं तर आपण लगेच भाषा सुधारायला लागतो. रस्त्यावरच्या पावलांचे ठसे पाहावेत तसं पाहिलं, तर माणूस कुठे जाऊन परत फिरतो ते दिसतं.

पहिल्या ओळी ४१ तऱ्हांच्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी मी बिनतक्रार छापल्या असत्या. शब्दसंख्या बहुतेक ठिकाणी ४०० च्या आत. शेवटच्या ओळींवर आले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. ३३ फायली एकाच ठिकाणी, थोरली बोलायच्या आधी, थांबत होत्या. थोरली दारात येते, पिशवी खाली ठेवते, घराकडे एक नजर टाकते, खुर्चीत बसते, धाकटी तिला पाणी देते. थोरली पाणी पिते, पेला खाली ठेवते. फाइल संपते. सगळ्याच पेल्यापर्यंत पोचत नव्हत्या, पण पाण्याचा पेला १९ फायलींत होता. एकाच बाईला एकाच दुपारी एकोणीस वेळा तहान लागली होती, आणि पेला खाली ठेवल्यावर तिच्या तोंडून एकदाही शब्द निघाला नव्हता.

उरलेल्या आठ फायलींत ती बोलली होती, पण प्रवासाबद्दल. मग पुन्हा शांतता.

अडलेल्या लेखकाला आपण साधारणपणे 'लिहा, काहीही लिहा' असं सांगतो. मीही सांगत आले होते. पण ही बाई लिहीत होती. ४१ वेळा लिहीत गेली होती. अडचण सुरुवात करण्यात नव्हती, ती पाण्याच्या पेल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात होती.

फोनवरचा प्रश्न

मी त्यांना एवढंच विचारलं: "थोरलीला पत्रांबद्दल आधीपासून ठाऊक आहे का?"

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं."

त्यांच्या कथा अशाच झाल्या होत्या. दहा-बारा पानांच्या कथेत शेवट ठाऊक नसताना पुढे जाता येतं, चुकलं तर आठवड्याचं काम वाया जातं, बस. इथे मागे ३१,००० शब्द उभे होते. थोरलीच्या तोंडचं पहिलं वाक्य लिहायचं तर तिला माहीत आहे की नाही हे ठरवावं लागणार, आणि काहीही ठरवलं तरी काहीतरी मोडणार. तिला ठाऊक नसेल, तर लेखिकेच्या मनात पहिल्या दिवसापासून असलेला शेवट कोसळतो. त्या शेवटात थोरली म्हणते की आईनं हे जाळायला सांगितलं होतं, मीच जाळलं नाही. तिला ठाऊक असेल, तर दुसऱ्या प्रकरणातली एक जागा उभी राहत नाही.

ती जागा कोणती, असं मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. दोघी बहिणींचं फोनवरचं बोलणं. थोरली सहज विचारते, "कपाटात काय काय निघालं गं?" आणि त्याखाली धाकटीचं निवेदन: "तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे मला आज पक्कं माहीत आहे."

आता माझी चूक. त्या वाक्याशेजारी माझ्या हस्ताक्षरात शेरा होता: 'फार सुंदर. हे हलवू नका.'

मी तो शेरा दीड वर्षापूर्वी, पहिली तीन प्रकरणं वाचताना दिला होता आणि विसरूनही गेले होते. त्या विसरल्या नव्हत्या. वाक्य खरंच चांगलं होतं, त्यात मोठ्या वयाच्या माणसाची खंत होती. पण निवेदिका वर्षांनंतर मागे वळून 'पक्कं माहीत आहे' म्हणते, तेव्हा ते दार कायमचं बंद होतं. पुढच्या कोणत्याही प्रकरणात थोरलीला काही ठाऊक असल्याचं दाखवता येत नाही. लेखिकेला हे कुठेतरी कळत होतं. फक्त ज्या वाक्याची संपादकानं स्तुती केली तेच कादंबरीचा गळा धरून बसलंय, हे मान्य करायला अकरा महिने लागले. त्यांनाही आणि मलाही.

नाव कशाला म्हणायचं

'रायटर्स ब्लॉक' हे नाव एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकानं १९४० च्या दशकात रूढ केलं. त्याच्या मते अडलेल्या लेखकाचं दुखणं थेट बाल्यावस्थेत, आईच्या दुधाशी जडलेल्या गुंत्यात असतं. ते स्पष्टीकरण आज फारसं कोणी मानत नाही, पण नाव टिकलं, आणि त्यासोबत एक समजूतही टिकली की हा लेखकाच्या आत खोलवर असलेला एकच एक आजार आहे. आमच्या लेखिकेचं 'माझं संपलं' हे त्या समजुतीतूनच आलेलं होतं. फायली चाळल्या नसत्या तर मीही तेच मानलं असतं.

मला या प्रकरणात जास्त उपयोगी पडलं ते लेखनाचे अभ्यासक माइक रोझ यांचं काम. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या दहा विद्यार्थ्यांच्या लेखनसवयी तपासल्या. पाच जण अडणारे, पाच सहज लिहिणारे. अडणाऱ्यांत कौशल्याची उणीव आहे असं त्यांना दिसलं नाही. फरक होता नियमांत. अडणारे विद्यार्थी कधीतरी शिकलेला एखादा नियम पाळायचा म्हणजे पाळायचाच, अशा कडकपणे पाळत होते: पहिल्याच परिच्छेदात वाचकाला धरलं पाहिजे, प्रत्येक वाक्य बिनचूक झाल्यावरच पुढचं. नाहीतर आखणी इतकी गुंतागुंतीची करत होते की तिच्यातून लेख निघणंच शक्य नव्हतं. सहज लिहिणाऱ्यांकडेही नियम होतेच. फक्त जमलं नाही तर ते नियम बाजूला ठेवत.

मी लेखिकेला त्यांचे नियम लिहून काढायला सांगितलं. आपले असे काही नियम नाहीत, असं त्या आधी म्हणाल्या. दोन दिवसांनी कागद आला, त्यावर अकरा होते. त्यातले तीन या प्रकरणाशी थेट संबंधित:

पहिलं वाक्य जमल्याशिवाय दुसरं लिहायचं नाही.
क्रमानंच लिहायचं, मधली जागा सोडायची नाही.
एकदा संमत झालेल्या प्रकरणाला हात लावायचा नाही.

पहिले दोन कथांनी दिलेले. तिसरा माझ्या शेऱ्यांनी दिलेला. प्रत्येक नियम आपापल्या जागी शहाणपणाचा होता, पण तिन्ही एकत्र आले की लेखिकेला पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही.

आम्ही काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे दोन आठवडे सातवं प्रकरण लिहायची बंदी. त्या काळात त्यांनी मला तो प्रसंग फोनवर सांगायचा, लिहायचा नाही. एकदा 'थोरलीला ठाऊक आहे' असं धरून, एकदा 'ठाऊक नाही' असं धरून. मी टिपणं घेणार. ही कल्पना काही फार विचार करून सुचली नव्हती. त्या पत्रांत आणि गप्पांत मोकळ्या असतात एवढंच मला दिसलं होतं.

'ठाऊक नाही' हे सांगताना त्या वीस मिनिटांत दमल्या. थोरली नुसतं 'अगं बाई' म्हणत राहिली. 'ठाऊक आहे' हे सांगायला लागल्या आणि पन्नास मिनिटं थांबल्याच नाहीत. थोरली कशी चिडते, धाकटीला 'तुला कोणी कपाट उघडायला सांगितलं' कसं म्हणते, मग पत्रं हातात घेऊन वरचं एक काढून बाजूला ठेवते, का ठेवते ते सांगत नाही. मी लिहून दमले. शेवटी त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या प्रकरणाचं काय?"

मी म्हणाले, "ते वाक्य काढा."

"तुम्हीच म्हणाला होतात हलवू नका."

"म्हणून मीच सांगतेय, काढा."

त्यांनी ते त्याच रात्री काढलं. "कपाटात काय काय निघालं गं?" हे मात्र जागेवर राहिलं. कोणीही न ठरवता त्या प्रश्नाला आता दुसराच अर्थ आला होता. थोरली घाबरून विचारत होती.

निर्णय झाला म्हणजे हात लगेच चालू लागला, असं झालं नाही. अकरा महिन्यांत टेबलाशी बसणं म्हणजे शिक्षा, अशी शरीराला सवय झालेली असते. रात्री अकरा ते एक ही त्यांची वेळ होती, दिवसभराचं सगळं उरकल्यावरची. ती बदलली. सकाळी, इतर कामांच्या आधी, २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. वहीत फक्त बसलेली मिनिटं लिहायची, शब्द मोजायचे नाहीत. ट्रोलपचा आकडा त्यांना भिंतीच्या वर्णनाकडे घेऊन गेला होता, हे दोघींच्याही लक्षात होतं.

रोज ठरल्या वेळी बसण्याबद्दल लेखकांच्या मनात एक जुनी भीती असते की सक्तीनं लिहिलेलं निर्जीव होतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच भीतीची परीक्षा पाहतो. लेखन अडलेले २७ प्राध्यापक, तीन गट. एकाला सांगितलं, अगदी तातडीचं सोडून काही लिहू नका. दुसऱ्याला, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला रोज ठरल्याप्रमाणे लिहायचंच, नाही लिहिलं तर स्वतःला नावडत्या संस्थेला स्वतःच्याच पैशाचा धनादेश जाणार. तिसऱ्या गटानं दिवसाला सरासरी ३.२ पानं लिहिली, दुसऱ्यानं ०.९, पहिल्यानं ०.२. पानांपेक्षा मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: नव्या उपयोगी कल्पना तिसऱ्या गटाला साधारण रोज एक सुचत होती, मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. सुचायची वाट पाहणाऱ्यांना रोज बसणाऱ्यांच्या निम्मंच सुचलं.

वेळापत्रक आम्ही घेतलं, धनादेशाची धमकी घेतली नाही. या बाई स्वतःला अकरा महिने पुरेशी शिक्षा करत होत्या.

लिहायची सुरुवात थोरलीच्या दुसऱ्या वाक्यापासून करायची, पहिल्यापासून नाही, असंही ठरवलं. पहिलं वाक्य रिकामं ठेवायचं, तिथे नुसती रेघ. फाइलचं नाव 'सात कचरा'. नावाचा उपयोग किती झाला सांगता येत नाही, पण 'सात शेवटचं दोन' या नावाच्या फाइलमध्ये वाईट वाक्य लिहायला धीर लागतो, हे खरं. आणि थांबायचं ते पुढचं ठाऊक असताना. हेमिंग्वे असंच सांगायचा: पुढे काय होणार हे माहीत असताना थांबावं. त्यांना हे फार जड गेलं. जमत असताना उठायचं हे अकरा महिने उपाशी असलेल्या माणसाला भरल्या ताटावरून उठवण्यासारखं होतं. दोनदा त्या तासभर बसून राहिल्या आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हात रिकामा. तिसऱ्यांदा ऐकलं.

पहिल्या आठवड्यात पाचही दिवस बैठक झाली, पण तीन दिवस शंभर शब्दही झाले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी मला 'काही खरं नाही' असा निरोप पाठवला. नवव्या दिवशी थोरली चिडली. शब्द मोजायचे नाहीत असं ठरलेलं असूनही त्यांनी ते मोजून कळवले: ६४०. मी काही बोलले नाही. एकतिसाव्या दिवशी प्रकरणाचा कच्चा खर्डा पुरा झाला, ५२०० शब्द. छापलेल्या पुस्तकात त्यातले ३१०० आहेत.

मुक्तलेखनही परत आलं, वेगळ्या रूपात. अडलं की दहा मिनिटं थोरलीच्या आवाजात धाकटीला उद्देशून बडबड लिहायची. आधी हीच रीत 'सुचत नाही' एवढंच देत होती. आता तिच्यात भांडण उतरत होतं. भांडण कशावरून आहे हे ठरलेलं होतं, हाच फरक.

नववं प्रकरण, किंवा माझा उतावीळपणा

तिसऱ्या महिन्यात, नवव्या प्रकरणाच्या सुरुवातीला, पुन्हा बारा दिवस काही नाही. आता माझ्याकडे एक छान चावी आली होती आणि मला ती प्रत्येक कुलपाला लावून पाहायची होती. मी फायली मागवल्या. शेवटच्या ओळी मांडल्या. कुठलाच ठसा दिसेना. प्रत्येक फाइल वेगळ्या जागी थांबत होती. कोणता निर्णय राहिलाय, असं मी खोदून खोदून विचारत राहिले. नियमांचा कागद पुन्हा काढायला लावला. त्या सौजन्यानं उत्तरं देत राहिल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, निर्णय सगळे झालेत. घरात आजारपण आहे, रात्री तीन तास झोप मिळते."

मी हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. पहिल्या वेळी झोपेचा प्रश्न मी विचारला होता, दुसऱ्या वेळी निदान आधीच करून बसल्यामुळे विचारलाच नाही. आम्ही काही केलं नाही. तीन आठवडे काम बंद ठेवलं, वहीत रेघ मारून 'सुटी' लिहिलं. आजारपण सरलं, त्या परत टेबलाशी आल्या आणि नववं प्रकरण कुठल्याही युक्तीशिवाय लिहून झालं.

या प्रकरणातून काय म्हणता येतं

ते वाक्य काढल्यामुळे काम सुटलं, असं मला वाटतं. पण त्याच सुमारास वेळ बदलली, क्रम मोडला, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच दुसरं कोणी त्या प्रसंगाबद्दल त्यांच्याशी तासन्‌तास बोललं. यातलं कशानं किती झालं हे वेगळं काढता येत नाही. लेखिकेचं मत माझ्याहून निराळं आहे. त्यांच्या मते, ४१ फायली मी न हसता वाचल्या तिथेच अर्धं काम झालं होतं. रोझ यांचे विद्यार्थी निबंध लिहिणारे होते, बॉइस यांचे प्राध्यापक शोधनिबंध लिहिणारे. कादंबरीवर ते निष्कर्ष मी माझ्या जबाबदारीवर लावले.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. अपुऱ्या हस्तलिखितावर मी आता 'सुंदर' असा शेरा देत नाही. आवडलेल्या जागेखाली पेन्सिलीची बारीक रेघ मारते, आणि पुस्तक पुरं झालं की लेखकाला सांगते. काही लेखकांना हे कोरडं वाटतं. एकानं तसं स्पष्ट म्हटलंही. शक्य आहे.

सातव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी, पुस्तक मुद्रितशोधनाला जायच्या आठवड्यात लिहिलं गेलं. तोवर फाइलमध्ये तिथे रेघच होती. त्यात थोरली दारातच उभी आहे, पिशवी अजून हातात आहे, आणि ती विचारते, "सापडली का?" पाणी या प्रकरणात अगदी शेवटी येतं. धाकटी पेला पुढे करते, आणि थोरली नको म्हणते.